संकटकाळचे दार आणि त्याची घंटा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर आणि छत्तीसगडातील भोसल्यांच्या अंमलावर व्याख्याने झाली. त्या पंगतीत मी एका दाराविषयी बोलणार असे पत्रिकेत वाचून काहींना ते दार अध्यात्मातले असावे असे वाटले. तसे नाही. हे दार चौकटीचे आणि बिजागऱ्यांचेच आहे. सभागृहातून संकटसमयी बाहेर पडण्यासाठी जे जादा दार ठेवलेले असते, त्याच्या आतल्या अंगाला बसवावयाची एक आडवी दांडी आणि त्या दांडीच्या पोटात दडलेला सुपारीएवढा विजेचा स्विच, एवढाच आजचा विषय आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी येथल्या पोलाद कारखान्यात वीज आणि यंत्रे हाताळली आहेत. त्यांना यंत्रविद्या शिकवावी असा माझा आव नाही. मला बोलावयाचे आहे ते कुलपाविषयी.

आपल्या ह्या सभागृहाला तीन दारे आहेत. दर्शनी दारातून आपण सारे आत आलो. रंगमंचाच्या डाव्या अंगाचे दार स्वयंपाकघराकडे जाते. तिसरे, उजव्या हाताचे मागचे दार, पुष्कळांनी उघडलेले कधी पाहिलेलेच नसेल. त्याला कडी आहे, कोयंडा आहे आणि कोयंड्यात कुलूप आहे. कुलूप लावावयास कारणही घडले होते. मंडळाची मोठी पातेली आणि दोन पंखे एका रात्री त्याच वाटेने चालते झाले. तेव्हापासून किल्ली कोषाध्यक्षांकडे असते, आणि ते दुर्गला राहतात. ह्यात कोषाध्यक्षांकडे बोट दाखविण्यासारखे काही नाही. मंडळाने सांगितले ते ते इमानाने करीत आले आहेत. परंतु गणेशोत्सवात नाटकाच्या रात्री येथे चारशे माणसे बसलेली असतात, लेकुरे जमिनीवर सतरंजीवर असतात, मागे पडदे आणि रंगविलेले कापड असते, आणि बाहेर पडण्याचा एक मार्ग दुर्गला कोणाच्या तरी खिशात असतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभागृहाची दुरुस्ती निघाली आहे. म्हणून हा विषय आजच काढला.

आपल्या रक्तात बंद दाराविषयी मोठा विश्वास आहे. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण आजीच्या मांडीवर ऐकली. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे मिटले, दूध घालावयास आलेली गवळण आत अडकली, पहारेकऱ्यांनी हुकूम मोडला नाही, आणि घरच्या तान्ह्या बाळासाठी ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. ही आईच्या मायेची कथा म्हणून आपण सांगतो आणि ते योग्यच आहे. सरकारी माणसाच्या नजरेला मात्र त्यात आणखी काही दिसते. पहारेकऱ्याला दार उघडण्याचा अधिकार नव्हता, आणि आत कोणी अडले आहे हे वरिष्ठांस कळविण्याचे साधनही त्याच्यापाशी नव्हते. शिवाय माणूस उतरू शकेल अशी जी एक वाट उघडकीस आली, तीही गडाच्या रक्षणासाठी बंद करावी लागली. शत्रू बाहेर टपलेला असताना ते बरोबरच होते. आपल्या सभागृहाला कोणाचा वेढा पडलेला नाही; पातेलीचोर म्हणजे काही सिद्दी जोहर नव्हे.

जुन्या वाड्यांचा अडसर ज्येष्ठांना आठवत असेल. भिंतीतल्या खोबणीतून जाडजूड वासा ओढून दाराआड आडवा घातला की घर निर्धास्त झोपी जाई. ज्या दांडीविषयी मी बोलत आहे, ती दिसावयास अडसरासारखीच, कमरेच्या उंचीवर आडवी. पण तिचे काम नेमके उलट. आतून तिच्यावर हात, कोपर, कंबर, नुसते अंग जरी रेलले तरी ती दबते, खिटी मागे सरकते आणि दार बाहेर उघडते. इंग्रजीत तिला पॅनिक बार म्हणतात. मी तिला ढकलदांडी म्हणतो. किल्ली नको, कडी शोधावयास नको, उजेडही नको.

ही उलट्या अडसराची कल्पना इंग्लंडमधल्या एका भयंकर घटनेच्या मागोमाग जन्मली. १६ जून १८८३ रोजी संडरलंड गावच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. खेळ संपताना खाली बक्षिसे वाटली जाऊ लागली. ती आपल्याला मिळणार नाहीत ह्या भीतीने वरच्या गॅलरीतली मुले जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाशी दार होते; ते आतल्या बाजूस उघडणारे, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून खिटीने जखडलेले. पुढची मुले अडली, मागची येतच राहिली. १८३ मुले चेंगरून आणि गुदमरून गेली. आग नव्हती, धूर नव्हता. होते ते फक्त एक दार. पुढे रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज ह्या इंग्रज माणसाने आतून दाब पडताच उघडणारी खिटी काढली आणि १८९२ साली तिचे पेटंट मिळविले.

अमेरिकेत त्याच शोधाला पुन्हा चिता पेटावी लागली. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरॉक्वॉय नाट्यगृहात दुपारच्या खेळाला बायकामुलांची गर्दी होती. नाट्यगृह उघडून जेमतेम महिना झालेला, आणि ते पूर्णपणे अग्निरोधक असल्याची जाहिरात झालेली. पडद्याला आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. बाहेर जाण्याची दारे होती; काही पडद्यांआड दडलेली, काहींना लोकांनी कधी न पाहिलेले अडणे. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर ह्या दुकानातला कार्ल प्रिन्झलर नावाचा विक्रेता त्या खेळाला जाणार होता; कामामुळे राहून गेला आणि वाचला. त्याच्या मनातून ती दारे जाईनात. हेन्री ड्यूपाँट ह्या वास्तुविशारदाला हाताशी धरून त्याने ढकलदांडी तयार करविली आणि १९०८ साली ती बाजारात आली. व्हॉनेगट, ड्यूपाँट आणि प्रिन्झलर ह्या तीन नावांची आद्याक्षरे जुळवून तिला व्हॉन डुप्रिन हे नाव मिळाले. त्या नावाच्या दांड्या आजही विकल्या जातात.

येथवर दार उघडण्याचा प्रश्न सुटला होता. सुटला नव्हता तो चोरीचा. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट ह्या कपड्यांच्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ कामगार मेले. बहुतेक परदेशांतून आलेल्या तरुण मुली. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. सुटीच्या वेळी सर्वांनी एकाच वाटेने जावे, म्हणजे हातातल्या पिशव्या तपासता येतील आणि कापड चोरीस जाणार नाही, हा मालकांचा हेतू. खटला झाला. दार त्या क्षणी बंद असल्याचे मालकांना ठाऊक होते हे निःसंशय सिद्ध झाले नाही, म्हणून ते सुटले. त्यांच्यापैकी एकाला १९१३ साली पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल वीस डॉलर दंड झाला. मी कायद्याचा अभ्यासक नाही, पण ह्या वीस डॉलरांवर मी पुष्कळ वेळा थांबलो आहे. १४६ माणसे गेल्यानंतरही ज्याला कुलूप काढवत नाही, तो निव्वळ दुष्टच असला पाहिजे असे मला वाटत नाही. त्याला चोरीची भीती खरोखर वाटत होती, आणि त्या भीतीवर कुलपाखेरीज दुसरा इलाज त्याला दिसत नव्हता. आपल्यालाही दोन पंखे जाताच दुसरे काही सुचले नाही.

तो दुसरा इलाज म्हणजे दांडीतला स्विच.

त्याचे कूळ जुने आहे. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने १८५३ सालीच दारेखिडक्या विजेच्या तारेने घंटेला जोडून चोरघंटेचे पेटंट घेतले होते. दार हलले की तारेतला संपर्क जुळे आणि घंटा वाजे. आजच्या ढकलदांडीत जो स्विच बसवितात, तो आपल्या कारखान्यातल्या मंडळींच्या ओळखीच्या लिमिट स्विचचा धाकटा भाऊ समजा. क्रेन रुळाच्या टोकाशी आली की जो चाप दाबला जाऊन तिला थांबवतो, तसाच एक चिमुकला चाप दांडी दबली की दबतो. त्याला तीन टोके असतात. एक सामाईक, एक एरवी जोडलेले, एक एरवी सुटलेले. दांडी दबताच सामाईक टोक एकाला सोडून दुसऱ्याला भेटते, एवढेच त्याचे कर्तृत्व. त्यातून वाहणारी वीजही थोडी, बारा किंवा चोवीस व्होल्टची. घंटा वाजविण्याचा भार तो स्वतः उचलीत नाही. तो फक्त निरोप देतो. फिरत्या दारातून स्थिर चौकटीत तार नेण्यासाठी वाकणारी नळी किंवा तारा पोटात घेतलेली बिजागरी वापरतात, कारण बिजागरीपाशी तार मोडणे हे ह्या सगळ्या मांडणीतले नेहमीचे दुखणे.

असे स्विच तीन ठिकाणी बसविता येतात आणि तिघांचे निरोप वेगळे असतात. दांडीतला स्विच सांगतो की आतून कोणीतरी दांडी दाबली. खिटीजवळचा सांगतो की खिटी चौकटीत नीट बसली आहे किंवा नाही. तिसरा चौकटीवर असतो. दाराच्या फळीवर एक लोहचुंबक आणि समोर काचेच्या नळीत दोन बारीक लोखंडी पट्ट्या. चुंबक जवळ असेपर्यंत पट्ट्या चिकटून राहतात, दार उघडले की सुटतात. आता ह्या तिघांचे बोलणे एकत्र ऐका. दांडी दबली आणि मग दार उघडले, तर आतले माणूस बाहेर गेले. दांडी दबलीच नाही आणि तरीही दार उघडले, तर कोणीतरी बाहेरून ते फोडले. दार मिटलेले आहे पण खिटी बसलेली नाही, तर जाताना कोणी ते नुसते लोटून गेले आहे आणि रात्री ते वाऱ्याने उघडेल. कुलपाला ह्यातले एकही वाक्य बोलता येत नाही. पातेली गेली तेव्हा आपल्याला पत्ता लागला तो सकाळी.

आता ह्या मांडणीचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांगतो. दांडी आणि खिटी ह्यांचे नाते पूर्णपणे लोखंडाचे आहे. वीज गेली, बॅटरी मेली, तार उंदराने कुरतडली, तरी दांडी ढकलताच दार उघडतेच; गप्प बसते ती घंटा. स्विचला दार अडविण्याचा अधिकारच दिलेला नाही. विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारी कुलपेही हल्ली सर्रास दिसतात. ती वीज गेली की सुटतात, पण वीज असताना ती सुटावीत म्हणून आगीच्या घंटेशी आणि आतल्या बटणाशी त्यांची जोडणी बिनचूक असावी लागते. अमेरिकेत काही इमारतींना पंधरा सेकंद थांबून उघडणाऱ्या दाराचीही मुभा आहे. रखवालीची मोठी गरज असेल तेथे ते असो. चारशे माणसांच्या सभागृहात पंधरा सेकंद फार होतात.

घंटेचे काय? तिच्यासाठी रेल्वेकडून एक धडा घ्यावा. आपण नागपूरला जाताना गाडी ज्या सिग्नलांच्या भरवशावर धावते, त्यांच्या रुळांतून वीज सतत वाहत असते. विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली काढलेली ही युक्ती आहे. गाडी आली, रूळ तुटला किंवा तार निसटली, तरी प्रवाह खंडतो आणि सिग्नल धोक्यावर पडतो. बिघाडाचा कौल नेहमी सुरक्षिततेकडे. दाराच्या घंटेची जोडणीही अशीच, एरवी जोडलेल्या टोकावरून करावी. मग चोराने तार कापली तरी घंटा वाजते. एरवी सुटलेल्या टोकावर जोडली, तर तुटलेली तार आणि शांत रात्र ह्यांत काही फरक कळत नाही. वीजमिस्त्रीला ही एक गोष्ट सांगावयास विसरू नये.

भिलाईत निरोपाचे महत्त्व मी नव्याने सांगावे असे नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पंपघरात विषारी वायू शिरून सहा जण गेले. ज्या वायूला रंग नाही, वास नाही, तो आला हे माणसाला दुसऱ्या कशाने तरी कळवावे लागते. ह्याच लोहमार्गावरच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. दार उघडून पाहीपर्यंत आतला धूर बाहेर कोणाला कळला नव्हता. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यावा असे तो सांगतो. तरीही हे घडले.

आणि दिल्लीचे उपहार चित्रपटगृह. १३ जून १९९७ ची दुपार. तळमजल्यावर, मोटारी उभ्या राहतात तेथल्या रोहित्राला आग लागली आणि धूर बाल्कनीत चढला. ५९ माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. उजव्या बाजूची बाहेर जाण्याची वाट आठ खुर्च्यांच्या खाजगी कक्षासाठी अडविलेली होती, दारांना कडी होती, द्वारपाल जागेवर नव्हता, दिवे गेले, आणि प्रेक्षकांना कोणी काही सांगितले नाही. हे सारे पुढे न्यायालयांपुढे आले. त्या गर्दीत मुलेबाळे घेऊन सुटीचा चित्रपट पाहावयास आलेली आपल्यासारखीच कुटुंबे होती.

आता आपल्या मंडळात ह्या सूचनेवर जे आक्षेप निघाले, त्यांकडे वळतो. बाहेरून कोणीही आत शिरेल, हा पहिला. बाहेरच्या अंगाला मूठच ठेवावयाची नाही. सपाट फळी ठेवावयाची. ढकलदांडी आतल्यासाठी आहे, बाहेरच्याला ती दिसतही नाही. दुसरा, मुले खेळ म्हणून दांडी दाबतील. दाबतील. एकदा घंटा वाजून साऱ्या सभागृहाने वळून पाहिले की दुसऱ्यांदा दाबणारा विरळा. तिसरा आक्षेप नाट्यशाखेचा: भर तिसऱ्या अंकात घंटा वाजली तर? तो मला मान्य आहे. म्हणून घंटा दर्शनी दारापाशी रखवालदाराच्या खोलीत असावी, विंगेत फक्त एक लाल दिवा लागावा. ही घंटा दार उघडल्याची आहे, आगीची नव्हे. आगीची घंटा वेगळी हवी आणि ती सर्वांना ऐकू गेलीच पाहिजे. खर्चाविषयी एवढेच म्हणतो की सुवर्णमहोत्सवाच्या स्वागतकमानीचे अंदाजपत्रक मी पाहिले आहे.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. नोकरीत बदल्या होत होत मी पुष्कळ इमारतींत बसलो. एका कार्यालयात मागच्या जिन्याच्या दाराला असा स्विच होता. कर्मचारी विडी ओढावयास त्या दाराने जात, घंटा वाजे, साहेब रागावत. कोणा कल्पक माणसाने चौकटीवर दुसरा लोहचुंबक चिकटवला. दार दिवसभर उघडे, आणि यंत्राच्या लेखी ते मिटलेले. दुसऱ्या एका कार्यालयात आगीची कवायत ठरली, आणि दाराची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. रोज वाजणारी घंटा माणसे गळा दाबून बंद करतात. म्हणून ह्या दाराचा रोजच्या जाण्यायेण्यासाठी वापर होऊ देऊ नये, आणि विडीवाल्यांची सोय दुसरीकडे करावी. दारापुढे रचलेल्या खुर्च्या किंवा त्यावर टांगलेला नाटकाचा पडदा ह्यांची वर्दी कोणताही स्विच देत नाही. ते पाहावयास माणूसच लागतो. माझा सरकारी उपाय नोंदवहीचा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाने दांडी ढकलावी, दुसऱ्याने रखवालदाराच्या खोलीत घंटा ऐकावी, मग वीज बंद करून पुन्हा दांडी ढकलून पाहावी, आणि दोघांनी सही करावी.

शेवटी मापांचे. आपले मागचे दार आजही आत उघडते, त्यामुळे त्यावर नुसती दांडी बसवून भागणार नाही. चौकट उलटी फिरवावी लागेल. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीने सभागृहाच्या बाहेर जाण्याच्या दाराला दोन मीटर रुंदी सांगितली होती आणि ते ज्या बाजूच्या लोकांसाठी आहे त्या बाजूने किल्लीवाचून उघडावे असेही म्हटले होते. आपले दार साडेतीन फुटांचे आहे. भिंत फोडून दोन फळ्यांचे दार करावे लागेल, आणि दोन फळ्या आल्या की वरखाली जाणाऱ्या खिट्यांची दांडी लागेल. बाहेरची पायरी उंच आहे, ती उतरती करावी लागेल, आणि तेथे उभ्या राहणाऱ्या सायकली व स्कूटरी कडुलिंबाकडे हलवाव्या लागतील. हे सारे कागदावर मांडून मी कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत देणार आहे. भिंतीचे काम पावसाआधी उरकले तर गणपतीच्या नाटकाला दार तयार असेल.

तोवर, मंडळात चार माणसे जमली की ते कुलूप काढून ठेवावे अशी माझी विनंती आहे. कोषाध्यक्षांनी आज किल्ली आणली आहे. चहा मागे ठेवलेला आहे. ज्यांना दार पाहावयाचे असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे, आपण त्याच वाटेने जाऊ.